कोणती नशा ते नंतर, आधी वय सांगा

ताई, तुमचा निरोप दोनदा वाचला. केळापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात गांजाविरुद्ध ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आहे. पहिल्यांदा सापडला तर दंड, दुसऱ्यांदा सापडला तर थेट पोलीस, असं मंडळाच्या पोरांचं म्हणणं आहे. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य, आणि तुमच्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी आहेत. नाल्यावरच्या पुलाखाली सहावी-सातवीची पोरं रुमालाला काहीतरी लावून हुंगतात. बावीस वर्षांचा पुतण्या गांजा ओढतो. आणि घरात सासूबाई मेडिकलमधून आणलेली गोळी घेतल्याशिवाय झोपत नाहीत. हे सगळं एकच का, वयाप्रमाणे नशा बदलते का आणि एक ठराव सगळ्यांना पुरेल का, हे तुमचे प्रश्न.

पुरणार नाही. तो ठराव फक्त पुतण्याला लागू पडेल, बाकी दोघं त्याला दिसणारच नाहीत. आणि पुतण्यालाही तो आहे तसा लागू केलात तर भलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त होईल. कारण सविस्तर सांगतो, कारण हा गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक गावात दिसतो.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात मी सव्वीस वर्षं मानसोपचाराचं काम करतो आहे. नातेवाईक पेशंटला घेऊन येतात तेव्हा पहिलं वाक्य पदार्थाचं असतं, "सायेब, हा गांजा पेते." माझा पहिला प्रश्न मात्र वयाचा असतो. आज वय किती, आणि पहिल्यांदा घेतलं तेव्हा किती होतं? या दोन आकड्यांवरून मला निम्मं कळतं. पदार्थ कुठून येत असेल, कशासाठी घेतला जात असेल, शरीराचा कोणता भाग आधी जाईल आणि घरच्यांनी आतापर्यंत काय चूक केली असेल, याचा अंदाज येतो.

देशाचं चित्र आधी थोडक्यात सांगतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, अफू, हेरॉइन आणि त्याच जातीच्या दुखण्याच्या गोळ्या मिळून २ टक्क्यांच्या जरा वर, झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या १ टक्क्याच्या जरा वर. यातल्या प्रत्येकात मोठ्या माणसांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. अपवाद एकच, हुंगायच्या पदार्थांचा. मोठ्यांत ते ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयात १.१७ टक्के. म्हणजे दुप्पट. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाचा २०१८ चा जागतिक अहवाल वयावरच भर देणारा होता. बहुतेक पदार्थांचा वापर १८ ते २५ या वयात सर्वांत जास्त असतो, असं त्यात दिसतं. तुमच्या पुलाखालची पोरं आणि तुमचा पुतण्या या दोन आकड्यांत बसले. सासूबाई कुठे बसतात ते पुढे येईल.

पोरांचं आधी सांगतो, कारण त्यांच्याबाबतीत वेळ सगळ्यांत कमी असतो.

ती पोरं हुंगतात ते बहुतेक पंक्चर जोडायचं सोल्युशन असणार, नाहीतर थिनर किंवा व्हाइटनर. यासाठी कोणी गुन्हेगार शोधावा लागत नाही. सायकलच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये, बाजाराच्या दिवशी ठेल्यावरही मिळतं, आणि खाऊच्या पैशात येतं. हुंगलं की क्षणात मेंदूपर्यंत जातं, काही मिनिटांत उतरतं, म्हणून पोरगं परत परत हुंगतं.

काही वर्षांपूर्वी एक आजी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोराच्या ओठांच्या कडा तडकलेल्या, नाकाखाली लालसर चट्टा. शर्टाची बाही नाकाजवळ नेऊन पाहिली तर रंगाच्या दुकानात गेल्यासारखा वास. आजी म्हणाल्या, "मले दिसत नाही सायेब, पण नाकाले समजते." आईबाप संक्रांतीनंतर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, ते पार उन्हाळ्यात परतणार. आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोराला बाहेर बसवलं नाही, आजीला बसवलं आणि त्याच्याशी अर्धा तास बोललो. नशा हा शब्द मी एकदाही काढला नाही. लावल्यावर काय होतं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "भूक नाही लागत. अन् रातच्याले भेव नाही लागत."

या दोन वाक्यांवर मी कुठलं औषध लिहिणार होतो? हुंगायच्या पदार्थांची सवय सोडवणारी गोळी नाही. आम्ही आजीचा मोतीबिंदू सरकारी शिबिरात काढून घेतला. शाळेतल्या मास्तरांनी त्याला पोषण आहार वाढण्याच्या कामाला लावलं, त्यामुळे तो दुपारी पोटभर जेवायला लागला. रात्री झोपायला चुलत्याकडे. पोरगं पूर्ण सुटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या मिरचीच्या हंगामात ते परत एकदा सापडलं. पण तेव्हा आजीला दिसत होतं, आणि ती दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन आली.

एक गोष्ट तुमच्या मंडळाच्या पोरांना आजच सांगा. हुंगत बसलेल्या लेकराला ओरडून दचकवू नका, त्याच्या मागे धावू नका. या पदार्थांमुळे हृदयाचे ठोके बिघडायच्या बेतात असतात. त्यात एकदम भीती वाटली किंवा पळापळ झाली तर हृदय जागीच थांबू शकतं. अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्याच्या बाबतीतही हे घडू शकतं. शांतपणे जवळ जा, रुमाल बाजूला करा, उघड्या हवेत बसवा, थोडा वेळ सोबत थांबा. रागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी.

याच वयातली दुसरी गोष्ट कायद्याने अमली पदार्थात मोडत नाही, तरीही ती मी इथे घालतोच. ती म्हणजे खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून घोटलेला, रबर लावलेला खर्रा आपल्याकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्यासारखा पुढे केला जातो. बाप सात वर्षांच्या पोराला पानठेल्यावर पाठवतो, "जा रे, दोन खर्रे आण." पोरगं येताना चिमूटभर तोंडात टाकून पाहतं. मी किशोरवयातल्या प्रत्येक पेशंटला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. पंधरा-सोळा वर्षांच्या कितीतरी पोरांना दोनच बोटं जातात, आतली चामडी आखडलेली असते. पण माझं बोलणं त्या आखडलेल्या तोंडापुरतं नाही. मन कसंतरी झालं की पाच-दहा रुपयांत ते बदलून मिळतं, हा धडा लेकराला सगळ्यांत आधी खर्रा देतो. सोल्युशन, गांजा, दारू हे त्या धड्याचे पुढचे भाग. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे पानठेलेवाल्यांना माहीत नसतं आणि बापांनाही नसतं. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

आता पुतण्या.

गांजाबद्दल बोलायला लागलं की गावातले म्हातारे एक मुद्दा काढतात आणि तो मला मनापासून पटण्याजोगा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. ते म्हणतात, "आमचे आजे भजनात चिलीम ओढत, महादेवाच्या यात्रेला पचमढीला जाताना ओढत, त्यांना काय झालं?" खरं आहे, बहुतेकांना फारसं काही झालं नाही. एम्सच्या त्याच पाहणीत देशात भांग-गांजा-चरस घेणारे ३ कोटींच्या वर निघाले, आणि त्यापैकी साधारण ७२ लाखांना उपचाराची गरज आढळली. म्हणजे चारातले तीन माझ्यापर्यंत येणारे नव्हेत. तरुणांशी बोलताना हे लपवून ‘एक झुरका मारला की आयुष्य गेलं’ असं सांगितलं, तर त्यांच्या ओळखीत चार धडधाकट ओढणारे असतात. ते पाहून तुमचं पुढचं खरं बोलणंही ते खोटं धरतात.

फरक आजोबांच्या आणि नातवाच्या वयात आहे. आजोबांनी चिलीम हातात घेतली तेव्हा लग्न झालेलं, शेती अंगावर पडलेली, वय तिशीच्या पुढे. ओढायची ती एकादशीला, यात्रेत, भजनाच्या रात्री, चार माणसांत. नातू चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू करतो, सिगारेट रिकामी करून तीत भरतो, एकटा किंवा दोघं मिळून, आणि रोज. विचार करून थांबणारा, पुढचं पाहणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. तो घडत असताना रोज धूर मिळाला तर अभ्यास, लक्ष, उमेद यांवर परिणाम होतो. घरात कोणाला वेडेपणाचा आजार झालेला असेल तर तो आजार नातवात लवकर आणि जोरात येण्याचा धोका वाढतो. किती लवकर सुरू केलं, किती वेळा घेतो आणि घराण्यात काय आहे, या गोष्टी मी गांजाच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर सगळ्यांत वर लिहितो.

एक पोरगा आठवतो. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करायचा. दोन वेळा थोडक्या गुणांनी राहिला. रात्री झोप येईना म्हणून मित्राने पुडी दिली. झोप लागली. सहा महिन्यांत रोजची झाली. मग तो म्हणायला लागला, "गल्लीतले पोट्टे मायावरच बोलतात." घरात कोणी नसताना कोणी बोलत असल्यासारखा उत्तरं द्यायचा. जेवणात काही घातलं असेल म्हणून आईच्या हातचं जेवण टाळायचा. घरच्यांनी आधी बाहेरची बाधा समजून दोन ठिकाणी नेलं, त्यात पाच महिने गेले. माझ्याकडे आला तेव्हा धावायचे बूट घरात तसेच होते, पण अंगणाबाहेर पाऊल टाकायला तो घाबरत होता. उपचाराने आवाज थांबले. भरती मात्र गेली. ते पाच महिने मला आजही सलतात. तेव्हाच तो आला असता तर बरंच वाचवता आलं असतं.

म्हणून पुतण्याला गांजा किती ओढतोस हे विचारण्याआधी झोपेबद्दल विचारा. लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं का, कोणी नसताना आवाज येतो का, घरच्यांवर संशय येतो का, हे प्रेमाने विचारा. उत्तर हो असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर. उत्तर नाही असेल आणि तो फक्त ओढत असेल, तर अचानक बंद केल्यावर एक-दोन आठवडे तो चिडचिडा होईल, झोप उडेल, जेवण कमी होईल. तो उद्धट झाला असं समजू नका, अंगातला गांजा उतरतो आहे, आणि पहिला आठवडा सगळ्यांत जड जातो. लघवीची तपासणी गुपचूप करून घ्यायचा आग्रह बरेच पालक धरतात. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा महिनाभरसुद्धा सापडू शकतो. त्याने पंधरा दिवसांपूर्वी सोडला असला तरी तपासणी त्याला खोटं पाडेल, आणि मग तो तुमच्याशी बोलणार नाही.

गांजा आपल्याकडे येतो तो बहुतेक ओडिशा-आंध्रच्या सीमेवरच्या डोंगरांतून, छत्तीसगड आणि तेलंगणा मार्गाने. नागपुरात शिकायला गेलेल्या पोरांच्या तोंडी आता एमडीही येतं, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं. दोन-दोन रात्री न झोपणं, दात खाणं, सगळ्यांवर संशय, आणि मग दिवसभर मढ्यासारखं पडून राहणं. शहरात शिकणारं पोरगं सुट्टीत घरी येऊन असं वागत असेल तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. तूर्त एमडीची किंमतच खेड्याला वाचवते आहे.

तिशी ते पन्नाशीच्या माणसाची मुख्य नशा दारूच आहे. तिच्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, गडचिरोलीच्या बायांनी दारूबंदीसाठी केलेला लढा तुम्हाला ठाऊक आहे, १९९३ साली तिथे बंदी आली. मला या वयातल्या एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवस काढणारा, कापूस वेचून कंबर धरलेला माणूस दुखण्यासाठी ट्रामाडोलची गोळी किंवा कॅप्सूल घेतो. दुखणं थांबतं आणि अंगात हुशारीही येते. मग एकाच्या दोन, दोनाच्या चार. ही अफूच्या जातीची गोळी आहे. २०१८ साली तीही अमली पदार्थांच्या कायद्यात आली. जास्त झाली तर झटके येतात. बंद केली तर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळ, जुलाब होतात. माणसाला वाटतं ताप आला. तो परत गोळी घेतो, ताप जातो, आणि गोळी औषधच आहे अशी त्याची खात्री पटते. अफूच्या जातीचे पदार्थ देशात साधारण सव्वादोन कोटी लोक घेतात आणि त्यातल्या ७७ लाखांना मदत लागते, असं ती पाहणी सांगते. म्हणजे तिघांतला एक. गांजापेक्षा हे प्रमाण जड आहे. याला चांगले उपचार आहेत, पण एक धोका घरच्यांना माहीत हवा. काही महिने सोडून परत आधीच्याच मापाने घेतलं तर शरीराची सवय गेलेली असते, आणि तेवढ्यात श्वास थांबून माणूस जातो.

आता सासूबाई. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. चौपन्न वर्षांच्या एक बाई आल्या, नवरा जाऊन महिना झालेला, झोप नाही. मी अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांनी परत या, असं सांगितलं. त्या आल्या नाहीत आणि मी विचारपूस केली नाही. नऊ वर्षांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला, न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, आणि त्यानंतर रात्री बरळायला लागलेल्या. कोणती औषधं घेता म्हणून विचारलं तर त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कात्रीने कापलेले पट्टीचे दोन तुकडे, नाव नसलेल्या बाजूचे, घामाने चंदेरी कागद काळा पडलेला. मेडिकलवाल्याने सुट्या गोळ्या देताना असेच तुकडे दिलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे गोयी तुमीच तं देली होती." राग नव्हता त्यात. त्यांना वाटलं होतं, डॉक्टरने दिली म्हणजे घ्यायचीच असते.

या वयातली नशा अशी असते. तिला कोणी नशा म्हणत नाही, घेणाराही नाही. युरोपात तरुणपणी हेरॉइन घेतलेली पिढी आता उपचार घेता घेताच म्हातारी होते आहे. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं तसं नाही. त्यांची गोळी दुःखातून किंवा गुडघ्याच्या दुखण्यातून सुरू होते, आणि ती लिहिणारा हात बहुतेक वेळा माझ्यासारख्याचाच असतो. साठीनंतर यकृत हळू काम करतं, औषध अंगात जास्त वेळ राहतं, सकाळीही गुंगी उरते. त्यातून तोल जातो, पाय घसरतो, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

पण या गोळ्या एका दिवसात बंद करायच्या नसतात. एवढं एक वाक्य तुम्ही लक्षात ठेवलंत तरी माझ्या लिहिण्याचं चीज झालं. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी अचानक थांबवली तर थरथर, घाम, भ्रम आणि मिरगीसारखे झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. गांजा अचानक सोडणारा चिडचिडा होतो, इथे गाठ जिवाशी असते. त्या बाईंची गोळी आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी जराशी कमी करत पाच महिन्यांनी बंद केली. मधल्या काळात रात्रीचा चहा बंद केला, दुपारची झोप बंद केली, आणि सुनेने त्यांना संध्याकाळी देवळापर्यंत चालवायला सुरुवात केली. त्यानंतर कोणालाही झोपेची गोळी लिहिली की ती कोणत्या तारखेला बंद करायची, ते मी त्याच कागदावर लिहितो.

या गोळ्या औषधांच्या एच-१ यादीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते. तुमच्या बाजारगावात चिठ्ठीशिवाय मिळत असतील तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, आणि ग्रामसभेच्या ठरावाचा कागद जोडला तर तिला वजन येतं.

आता तुमच्या ठरावाकडे येतो. गांजा ओढणाऱ्याला पोलिसांत देण्याचं कलम काढा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालणार नाही. ही सवलत लोकांना माहीत नाही, म्हणून पोरं लपतात आणि आईबाप लपवतात. एक गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो, आणि ज्या पोराला वाचवायचं त्याच्यासमोर गांजाशिवाय काही उरत नाही. विकणारा वेगळा, त्याच्याबद्दल तुम्ही पोलिसांना जरूर कळवा.

पोराला कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात टाकण्याआधी स्वतः जाऊन बघून या. एका खाजगी केंद्रातून सुटून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या घोट्यावर मी साखळीचा वळ पाहिला आहे, आणि त्याला चाळीस-चाळीस वर्षांच्या दारुड्यांबरोबर एका खोलीत ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीला बंदी आहे. दारूचं आणि अमली पदार्थांचं व्यसनही त्याच कायद्यात येतं. अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं किंवा नेमून दिलेलं एक माणूस त्याच्यासोबत पूर्ण वेळ राहावं लागतं. हे दोन प्रश्न दारातच विचारा, आणि उत्तर टाळलं तर तिथून परत फिरा.

ठरावात काय असावं म्हणाल तर असं. गावातल्या दुकानांत लेकरांना सोल्युशन, थिनर विकायचं नाही. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, हा कायदा आधीपासूनच आहे, तो पाळायचा. मिरचीला, वीटभट्टीला गेलेल्या आईबापांच्या लेकरांची यादी शाळेने आणि आशाताईंनी मिळून करायची, आणि ती लेकरं रात्री कुठे झोपतात ते बघायचं. पोळ्याची कर, दिवाळीत सोयाबीनचा पैसा हातात येतो ते दिवस आणि चैत्रातला मोहफुलांचा हंगाम, या दिवसांत ग्रामसभेने नेमलेल्या समितीने जागं राहायचं. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखू सोडवण्याच्या कामात गावोगावच्या समित्या बसतात, त्यांच्या एखाद्या गावाला भेट द्या, माझ्या सांगण्यापेक्षा ती उपयोगी पडेल.

व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन फुकट फोन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि या आठवड्यात एवढं करा. पुलाखालच्या पोरांची नावं पोलिसांना नको, वर्गशिक्षकांना द्या, आणि त्यांच्या घरी संध्याकाळी कोण असतं ते पाहून या. पुतण्याबरोबर शेतावर जा, घरात सगळ्यांसमोर विचारू नका. सासूबाईंची गोळी बंद करू नका, आहे तेवढीच चालू ठेवा, रात्री न्हाणीत जाताना सोबत जा, आणि बाजाराच्या दिवशी त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा माझ्याकडे या. येताना गोळीची पट्टी आठवणीने आणा. कापलेला तुकडा असला तरी तसाच आणा, उरलेल्या कडेवरच्या दोन-तीन अक्षरांवरूनही बहुतेक वेळा औषध ओळखता येतं.